पोंगेबंदी आणि निनादची लूट

मी एकदा ठरवलं की ठरवलं! खोटं वाटत असेल तर आमच्या शाळेत येऊन विचारा. मी शारीरिक शिक्षणाचा मास्तर. माझी शिट्टी वाजली की अख्खं मैदान सावधान होतं. कुंपणापलीकडच्या टपरीवर चहा पिणारी माणसंसुद्धा पाय जुळवून उभी राहतात! असा माणूस स्वतःच्या घरातले पोंगे बंद करू शकणार नाही, असं तुम्हाला वाटेल का? मलाही वाटलं नव्हतं.

पोंगे म्हणजे त्या पिवळ्याजर्द, पोकळ, तळलेल्या नळ्या. आमच्याकडे अकोल्याच्या जुन्या शहरात गल्लीतल्या प्रत्येक दुकानाबाहेर त्यांच्या पिशव्या लोंबत असतात. पोरं आधी ते दहाही बोटांत घालतात, बोटं नाचवून एकमेकांना भिववतात आणि मग एकेक बोट तोंडात घालून साफ करतात. आमची आचल सहा वर्षांची. ती जेवायला बसायची तीच मुळी पोंगे चढवून!

"आचल, भाकर खा."

"कशी खाऊ बाबा? हात रिकामे नाईत न!"

तेही मी सोसलं. पण एके दिवशी पाहतो तर आमचे दहा महिन्यांचे चिरंजीव निनाद पाळण्यात पडून अंगठा चोखताहेत आणि अंगठ्यावर पोंगा! झालं! मी तिथल्या तिथे शिट्टी फुंकली. "आजपासून या घरात पोंगे बंद! कायमचे बंद!"

स्वयंपाकघरातून आमची प्रणाली धावत आली. "तुमाले किती डाव सांगतलं, घरात शिट्टी वाजवू नका म्हणून! कुकर समजून मी गॅस बंद केला न! आता वरण कच्चं खा!"

वरण कच्चं खाल्लं, पण पोंगेबंदी लागू झाली. आचलनं दोन दिवस माझ्याशी कट्टी धरली. मी डगमगलो नाही. गल्लीतल्या देवमनच्या दुकानात जाऊन मी बजावूनही आलो, "माझ्या पोरीला एक जरी पोंगा दिलास तर याद राख!" देवमन घाबरून हो म्हणाला.

एवढ्यात संक्रांत आली आणि निनादची लूट ठरली. तुमच्याकडे बोरन्हाण म्हणत असतील, आमच्याकडे लूटच म्हणतात. बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओतायचे आणि गल्लीतल्या पोरांनी ते लुटायचे. हल्ली मात्र त्यात चॉकलेटं, बिस्किटं आणि पोंग्यांची पाकिटंही पडू लागली आहेत. आता माझ्याच अंगणात, माझ्याच पोराच्या डोक्यावर पोंगे? शक्य नाही!

"लुटीत पोंगे नाई, चॉकलेट नाई, तं पोट्टे येतीन कायले?" प्रणाली म्हणाली.

"बोरांसाठी येतील! हरभऱ्याच्या घाट्यांसाठी येतील! ऊस आहे, गाजरं आहेत, फुटाणे आहेत!"

"हो! गाजरं पाहून तं उड्याच मारतीन!"

मला ताव चढला. "पैज लावतेस? लूट संपल्यावर अंगणात काही उरलं, तर पोंगेबंदी मी स्वतः उठवीन. आणि उरलंसुरलं सगळं एकटा खाईन!"

दाराआडून आचलचं डोकं डोकावलं. "बाबा, शब्द म्हंजे शब्द न?"

"शब्द म्हणजे शब्द!"

लुटीच्या आदल्या दिवशी धामणगाव रेल्वे या गावाहून सासूबाई आल्या. स्टीलचा मोठा डबा गाडीत सबंध रस्ताभर त्यांनी मांडीवर धरून आणला होता. आत हलव्याचे दागिने! मुकुट, मनगट्या, हार, कंबरपट्टा आणि इवलीशी बासरीसुद्धा. विकतचं काही नाही. मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत, बोटांनी हलवत, एकेक दाणा त्यांनी घरी फुलवला होता आणि दोऱ्यात ओवला होता. बोटांची टोकं लाल झालेली मी स्वतः पाहिली.

"जवाईबापू, फोटो काढल्याबिगर कोणाले हात लावू देऊ नका," त्या म्हणाल्या. "आमच्या सूर्यभाननं सांगून ठेवलं हाये, संध्याकाळी फोटो पाठव म्हणून. सारे वाट पाहून राहिले."

सूर्यभानमामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांच्या शब्दाला सासरी फार वजन. मी छातीला हात लावून म्हणालो, "आई, तुम्ही काळजीच करू नका. मी आहे ना!"

आता इतकं बोलून मी थांबायला हवं होतं. पण पैज डोक्यात बसली होती. रात्रभर विचार केला आणि सकाळी मला युक्ती सुचली. गाजरांचे तुकडे करायचे आणि चमचमत्या कागदात गुंडाळायचे! दुपारभर मी तेच करत बसलो. आचल तीनदा येऊन गेली.

"बाबा, काय हाये त्याच्यात?"

"सरप्राइज!"

तिचे डोळे असे लकाकले की विचारू नका. तडक गल्लीत गेली आणि घरोघर सांगून आली, "माह्या भावाच्या लुटीत चॉकलेट हायेत! लय हायेत!" हे मला मागाहून कळलं. कळलं तोवर अंगण पोरांनी फुलून गेलं होतं. पलीकडच्या नगमाभाभींचा शाकीब आणि त्याची मोठी बहीण गुलनार तर सगळ्यांत पुढे, फ्रॉकचा ओचा पसरून तयार!

निनाद पाटावर बसला. डोक्यावर मुकुट, हातात बासरी. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. ओवाळून झालं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा, माहा मोबाइल चार्जिंगले हाये, घेऊन येतो."

त्या आत गेल्या त्या हळदीकुंकवाच्या बायकांत अडकल्या.

"आईले येऊ द्या, फोटो राहिला न!" प्रणाली म्हणाली.

"वेळ म्हणजे वेळ!" मी म्हणालो आणि शिट्टी फुंकली.

पहिल्या ओंजळीला नुसता जल्लोष झाला! पोरं चमचमत्या कागदांवर तुटून पडली. मी प्रणालीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग कागद उलगडल्याचा आवाज आला.

"गाजर?" कुणीतरी म्हणालं.

"इसमें भी गाजर!"

गुलनारनं आचलकडे पाहिलं. "तूने चॉकलेट बोला था ना? झूठी!"

आचलचं तोंड एवढंसं झालं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मला फार वाईट वाटलं. पण मास्तरकी वाईट असते! मी म्हणालो, "अरे, गाजरानं डोळे चांगले होतात!"

डोळे चांगले असलेल्या कुणीतरी नेम धरून पहिलं गाजर मला मारलं. पुढची तर नुसती बरसात! मी बोरांची ओंजळ उधळली. कुणी वाकलं नाही. घाटे उधळले. कुणी वाकलं नाही. पोरं हाताची घडी घालून ओळीनं बसली. असली शिस्तीची ओळ मला शाळेत कधी लावता आली नव्हती!

मग मी स्वतःच वाकलो. एक घाटा सोलून तोंडात टाकला आणि मिटक्या मारल्या. "वा! काय घाटा आहे! काय चव आहे!"

"तुमीच खा मग, काका," मागून आवाज आला.

एवढ्यात धाकटा शाकीब सरकत सरकत निनादच्या पाटापाशी गेला. निनाद आपलं मनगट तोंडात घालून मजेत चोखत होता. शाकीबनं एक बोट त्या मनगटीला लावलं, चाटलं, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"अम्मी! मुन्ना मीठा है!"

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. अंगणातून साखरेचा कण न् कण मी हद्दपार केला होता. पण मधोमध पाटावर जे बसवलं होतं, ते डोक्यापासून पायापर्यंत साखरेचं होतं!

"लूट!" कुणीतरी आरोळी ठोकली.

आजवर पोरं बाळावरून पडलेलं लुटत होती. त्या दिवशी बाळच लुटलं! कुणी कंबरपट्टा ओढला, कुणी बासरीचा तुकडा पळवला. मी मुसंडी मारून निनादला उचललं, डोक्याच्या वर धरलं आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. एरवी मैदान थांबवणारी शिट्टी! इथे कुणी ढिम्म ऐकलं नाही. मी अंगणात गोल पळतोय, मागे पोरांची फौज, आणि पायाखाली बोरं! आणि निनाद? तो खदखदा हसत होता. त्याला वाटलं, खेळ आहे! त्यानं स्वतःच्या मुकुटात हात घातला आणि मुठी भरभरून हलवा खाली उधळायला लागला. खाली पोरांनी ओचे पसरले. काय तो थाट! बाळ वरून लुटवतंय आणि गल्ली लुटतेय!

"हं, झाला बाई मोबाइल चार्ज. बसवा आता पोराले," म्हणत सासूबाई दारात आल्या.

सगळे जागच्या जागी थांबले. मी निनादला खाली घेतलं. काळं झबलं, गळ्यात नुसता दोरा, मनगटाला दोरा, कमरेला दोरा. गालाला चिकटलेला एकच दाणा. शाकीबनं तोही हळूच टिपला.

सासूबाई पायरीवर मटकन बसल्या. "बोटं भाजली न माह्यी," एवढंच म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी शरम वाटली की गळ्यातली शिट्टी काढून मी खिशात लपवली. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. सूर्यभानमामा!

"अक्का, फोटो कुठी हाये? इथं सारे जमून बसले, जेवले नाईत अजून!"

सासूबाईंनी मोबाइल पदराखाली दाबला. मग आचल त्यांच्याजवळ गेली, निनादच्या गळ्यातला रिकामा दोरा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "आजी, पोंग्याले भोक रायते न. आरपार!"

सासूबाईंनी दोऱ्याकडे पाहिलं. आचलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, "पोंगे आणा."

मी प्रणालीकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती. माझ्यासमोर रस्ता एकच होता. मी देवमनचं दुकान गाठलं.

"पोंगे दे. मोठी पिशवी."

देवमन दोन पावलं मागे सरला. "नाई मास्तर! तुमीच तं म्हटलं होतं, याद राख म्हणून! कोणासाठी पाहिजे?"

"निनादसाठी. दागिने करायचे आहेत."

देवमननं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पिशवी दिली. वर म्हणाला, "मास्तर, उन्हातानात मैदानावर कमी उभे रायत जा."

सासूबाईंच्या हाताला काय वळण आहे म्हणून सांगू! बघता बघता पोंग्यांचा हार झाला, मनगट्या झाल्या, कंबरपट्टा झाला, उभे पोंगे लावून मुकुट झाला. बासरी तर आयतीच होती! निनादच्या दहाही बोटांत आचलनं स्वतः पोंगे घातले. पोरं हाताची घडी घालून, श्वास रोखून बसली होती. सासूबाईंनी फोटो काढला. नीट आला का पाहिला. मामांना पाठवला. मग मोबाइल कमरेला खोचून म्हणाल्या, "हं! लुटा आता!"

पोंग्याचा चुरासुद्धा उरला नाही. जाताना गुलनार बोटं चाटत आचलला म्हणाली, "तेरे घर की लूट सबसे अच्छी." आचलची मान अशी ताठ झाली की माझा निम्मा अपमान मी तिथेच विसरलो.

उरलेला निम्मा प्रणालीनं टोपल्यात भरून माझ्यासमोर ठेवला. अंगणातली सगळी गाजरं!

"शब्द म्हंजे शब्द," ती म्हणाली.

शेजारी आचल पोंगे घातलेली बोटं नाचवत बसली. पोंगेबंदी उठली होती ना! मी निमूटपणे गाजर चावायला लागलो. तोंड गच्च भरलेलं असताना सूर्यभानमामांचा फोन आला.

"जवाईबापू! फोटो पाह्यला! मुकुट काय, कंबरपट्टा काय! पिवळंधम्मक! सारं सोन्याचं केलं न! अन् आमी तुमाले साधे मास्तर समजून राहिलो होतो!"

मी काही बोलणार, पण गाजर मोठं होतं. नुसतं "हं... हं..." एवढंच बाहेर आलं.

"पाह्य, पाह्य!" मामा पलीकडे कुणाला तरी सांगत होते. "इतकं केलं पोरासाठी, पण तोंडातून एक शब्द नाई! याले म्हंते माणूस!"

मी गाजर गिळलं. आता काय व्हायचं ते होवो, पण खरंच सांगायचं, असं ठरवलं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं!

"ते जाऊ द्या जवाईबापू," मामा म्हणाले, "फक्त सोनार कोणता तेवढं सांगा."

मी अगदी खरं तेच सांगितलं.

"देवमन."