कानातल्या यंत्राची चोरी

“नीज नीज माझ्या बाळा, शिपाई उभा दारी,
जाग्या पोरांची तो सारी काढी वरात!”

सासरेबुवांच्या आईचा हा आवाज कधीचाच विरून गेला होता. पण पोलीस दिसला की त्यांचे डोळे पुढे कैक वर्षं आपोआप गच्च मिटत. आणि दैव असं खट्याळ, की मुलानं लग्न करून घरात आणली ती थेट फौजदारीणबाई! दारातला तो शिपाई आता रोज सकाळी अदबीनं विचारी, “मॅडम निघाल्या का?”

भीती मोडली ती टीव्हीनं. रोज संध्याकाळी गुन्ह्यांची मालिका लागे. तिच्यातली फौजदारीण काळा चष्मा लावून उंच टाचांवर चोरामागे धावे, टेबलावर हात आपटे, की समोरचा भडाभडा कबूल. हवालदार ढेरपोट्या आणि बावळट. चोर बहुधा घरचा नोकर. सासरेबुवांना हे शास्त्र तोंडपाठ होतं. “आमच्या सूनबाईला यातलं काही येत नाही,” ते हळहळत. “नुसती प्रश्न विचारते आणि लिहीत बसते.”

त्या दिवशी दुपारची झोप काढून ते उठले, तर कानात ऐकायचं यंत्र नाही. उशीखाली नाही. टेबलावर यंत्राची डबी तेवढी होती. त्यांनी ती हातरुमालानं उचलली, कानाशी धरून हलवली. काही वाजलं नाही.

“रिकामी!” ते गरजले. “चोरी झाली!”

सासूबाईंनी हातानं खूण केली, उघडून तरी बघा.

“शिवायचं नाही! ठसे पुसले जातील.”

डबी प्लास्टिकच्या पिशवीत गेली, पिशवीला चिकटपट्टी लागली. मग ठसे शोधायला सासूबाईंची पावडर घरभर उधळली गेली. साखरेच्या डब्यातही थोडी पडली, त्यामुळे चार वाजताच्या चहाला गुलाबाचा घमघमाट सुटला. शेवटी टेबलावरचा दिवा कामवाल्या मावशींच्या तोंडाकडे वळला.

“मावशी, दुपारी कुठे होतात?”

“तुमच्याच मोरीत, तुमचीच भांडी घासत होते!”

“काय?”

“भांडी! भांडी!” मावशी ओरडल्या.

“हं. आवाज चढला. गुन्हेगार आधी आवाजच चढवतो.”

मावशींनी ओले हात पदराला पुसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण ते त्यांनी खाली पडू दिलं नाही. “आजी, या घरचं लेकरू मी हातांवर वाढवलं. आज मला चोर म्हणाले आजोबा. उद्यापासून दुसरी बघा.”

सासूबाई ताडकन उठल्या. मावशी गेली तर नातवाला कोण बघणार, आणि सूनबाई कामावर कशी जाणार? त्या आडव्या धावल्या. पण त्यांच्याही आधी सासरेबुवा दाराला खुर्ची लावून तिच्यावर बसले होते. तपास संपेपर्यंत बाहेर कुणी जायचं नाही!

म्हणून सूनबाई आली तेव्हा तिला स्वतःच्याच घरात शिरायला पाच मिनिटं लागली. बुटांवर धूळ, खांद्यावर दप्तर, हातात भाजीची पिशवी.

“आलीस? छान! आता चष्मा लाव आणि टेबलावर हात आपट. ही बघ कशी कबूल होते!”

सूनबाईनं भाजी खाली ठेवली. मावशींकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, पावडरीनं माखलेल्या सासऱ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पिशवीची चिकटपट्टी सोलली, डबी उघडली. आत यंत्र गाढ झोपलं होतं.

तिनं डबी मिटून त्यांच्या कानाजवळ खुळखुळवली आणि खुणेनं विचारलं, “वाजतंय?”

“छे!”

“यंत्र डबीत असताना डबी वाजलेली तुम्हाला ऐकू येईल कशी, बाबा?” हे तिनं चांगलं ओरडून विचारलं.

सासरेबुवांचा चेहरा पावडरीखालूनही लाल झालेला दिसला. त्यांनी मावशींपुढे हात जोडले. “चुकलो मावशी. म्हातारा चळला.”

“हात कसले जोडता? मोरीत कढई पडलीय अर्धी घासलेली,” मावशी त्यांच्या कानाशी ओरडल्या. “ती घासा, मग बघू उद्याचं.”

सासरेबुवा मुकाट बाह्या वर करू लागले. एवढ्यात मालिकेचं संगीत दणदणत सुरू झालं आणि त्यांची मान आपसूक टीव्हीकडे वळली. आता मात्र सूनबाईचा बांध फुटला. “त्यातला पोलीस तरी खरा असतो का हो? एका तरी कामवालीला त्यात इमानदार दाखवतात का? मी दिवसभर ऊन तुडवून येते आणि घरी ऐकते काय, तर मला काही येत नाही! का बघता रोज हे?”

सासरेबुवांनी मावशींकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मग सूनबाईला जवळ ओढून तिच्या कानात, त्यांच्या मते अगदी हळूच, बोलले. यंत्र अजून डबीतच होतं, त्यामुळे ते कुजबुजणं तळमजल्यापर्यंत पोचलं:

“ती रोज घरी परत येते गं! कितीही गोळ्या झाडू देत तिच्यावर, भाग संपायच्या आत येते. तू येईपर्यंत जीव कुठेतरी टांगायला नको का मला?”