अर्जंटचा गठ्ठा

स्वयंपाकघरातल्या बटणातून ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा शालूने तक्रारीचा कागद लिहिला आणि शेवटी एक वाक्य जोडलं, 'द मॅटर इज अर्जंट.' दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत वायरमन दारात हजर! भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत तेव्हा सगळंच नवं होतं. क्वार्टर नवे, नळ नवे, आणि त्यांच्या कुरबुरीही नव्या. पण तक्रार दिल्यावर महिन्याच्या आत माणूस आला, असं क्वार्टरच्या त्या ओळीत तरी कुणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी चार बायका शालूच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"शालूबाई, तो शब्द आमालेही लिवून द्या."

शालू नागपूरला कॉलेजात शिकलेली. तिने शब्द दिला, पण अटीवर. "ज्यात जिवाला धोका, तेच अर्जंट. बाकी कशाला लावायचा नाही."

"खिडकीची कडी निघाली त?" शकुबाईने विचारलं.

"ते अर्जंट नाही."

"अन् चोर आला मंग?"

"मग... बरं, लिहा."

"आमच्या भिताडाचा रंग उडाला," सिंधुताई म्हणाल्या.

"रंग तर मुळीच नाही!"

"सोमवारी पाव्हणे येऊन राहिले ना पोरगी पाहाले. भिताड पाहून परत गेले, त पोरीच्या जिवाले धोका नाई का?"

शालूने त्यांनाही तो शब्द लिहून दिला. पंधरा दिवसांत अख्खी ओळ, मग मागची ओळ, मग बाजारापलीकडचे क्वार्टर, सगळीकडून एकच वाक्य दुरुस्तीच्या ऑफिसात जाऊ लागलं. प्रत्येकाचं व्याकरण अगदी शुद्ध होतं. शालूला मनातून बरंही वाटलं.

आणि मग कोळशाचं पोतं टाकताना मागच्या अंगणातल्या गटाराचं सिमेंटचं झाकण फुटलं. पुरुषभर खोल भोक उघडं पडलं.

शालूची कुंदा तेरा महिन्यांची. चालायला लागून आठच दिवस झालेले, त्यामुळे बसायला तिला वेळ नव्हता. शालूने भोकावर जेवायचा पाट ठेवला, तर पाट ओढत नेणं हा कुंदाचा सगळ्यात आवडता खेळ झाला. शालूने पाटावर बादली ठेवली. कुंदाने बादलीत हात घातले, पाणी सांडलं, आणि ओला पाट आणखीच छान सरकू लागला. शेवटी शालूने लेकीच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि दुसरं टोक आपल्या हाताला. भाकरी थापताना दर थापेला कुंदा पट्टी ओढी, आणि भाकरीला कोपरे येत.

तक्रार तिने पहिल्याच दिवशी दिली होती. 'अर्जंट'खाली दोन रेघा ओढून.

"येईन ना मानूस," शालूचा नवरा देवीदास भट्टीवर ड्युटीला निघताना म्हणाला. "अवो, तिकडं लोखंडाचा रस वाहून राहिला नदीवानी, तुले एक झाकण भेटनार नाई का?"

"तुमच्या भट्टीत कुंदा पडायची नाही. इथं पडेल," शालू म्हणाली. देवीदासने सायकल काढली आणि जाता जाता पाट नीट सरकवला.

आठव्या दिवशी शेजारी ठोकाठोकी ऐकू आली. गिरजाबाईंच्या मोरीचा नळ बदलून मिस्त्री निघूनही गेला.

"तक्रार कधी केली होती, गिरजाबाई?"

"कालच त."

"काय लिहिलंत?"

"मले का येते लिवता! आंगठा देल्ला, बाबूले म्हनलं, काई घाई नाई बाप्पा, जमन तवा धाडजो."

शालूने कुंदाला कडेवर घेतलं आणि तडक ऑफिस गाठलं. तिथे तक्रारी घेणाऱ्या केवलराम बाबूंच्या टेबलावर एक गठ्ठा होता. त्यामागे बाबूंचं फक्त कपाळ दिसत होतं.

"हा अर्जंटचा गठ्ठा, ताई. तुमचा नंबर एकशे बारा."

"आणि ऑर्डिनरीचा?"

केवलरामांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हात फिरवला. तिथे नुसती धूळ होती.

"दोन मिस्त्री आहेत. अर्जंटवाल्याले श्वास घ्याले फुरसत नाई. ऑर्डिनरीवाले रामाजी आत्ताच कँटीनमधी गेले, चौथ्यांदा."

"मग त्यांनाच पाठवा ना माझ्याकडे!"

"कसे पाठवू? तुमचं अर्जंट आहे ना!" आवाज खाली आणून बाबू म्हणाले, "नवा कागद घ्या. लिवा, नॉट अर्जंट. उद्या सकाळी मानूस तुमच्या दारात."

शालू टाक घेऊन बसली. कुंदाला नुसती शिंक आली तरी देवळात आणि दवाखान्यात दोन्हीकडे जाणारी बाई ती! कुंदा मांडीवरून दौतीकडे झेपावली, शालूने तिला फ्रॉकला धरून मागे ओढलं, आणि दुसऱ्या हाताने लिहिलं, 'द मॅटर इज नॉट अर्जंट.' 'नॉट'वर भलामोठा डाग पडला. वाळल्यावरही शब्द वाचता येत होता.

सकाळी आठला रामाजी आले. नवं झाकण सायकलवरून उतरवलं. भोकात पाहिलं, कमरेला पट्टी बांधलेल्या कुंदाकडे पाहिलं, आणि हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"बाई, हे नॉट अर्जंट होय?"

शालूने पट्टीचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

"लेकराचा जीव जाईन इथं! अन् तुमी आरामात लिवता? हे अर्जंटवाल्याचं काम आहे. मले हात लावता येत नाई." रामाजींनी झाकण पुन्हा सायकलला बांधायला घेतलं.

"रामाजी, नका हो जाऊ," शालूने सायकलचं हँडल धरलं.

तेवढ्यात कुंदाने, मोठ्या माणसांचं बोलणं लांबलेलं पाहून, रामाजींच्या हत्यारांच्या पिशवीतला सगळ्यात मोठा पाना उचलला आणि भोकात टाकला. डुबुक!

रामाजींनी भोकात डोकावून पाहिलं. मग धोतर खोचून आत उतरले. पाना घेऊन वर आले ते गुडघ्यापर्यंत काळे.

"आता उतरलोच आहो त..." असं पुटपुटत त्यांनी झाकण बसवलं, त्यावर दोनदा उड्या मारून पाहिल्या, आणि हात धुऊन कागद शालूपुढे धरला.

"शेऱ्याच्या रकान्यात लिवा. मले इंग्रजी येत नाई. लिवा, काम लय अर्जंट होतं. अर्ज करनाऱ्या बाईले अर्जंट म्हंजे काय, ते समजत नाई."

शालूने सुरेख अक्षरात, एकही चूक न करता ते इंग्रजीत लिहिलं आणि खाली सही केली. कुंदा नव्या झाकणावर बसून टाळ्या वाजवत होती.

"लिवलं बराबर?"

"बरोबर लिहिलं."

रामाजींनी कागद घडी करून खिशात घातला. तिचा उतरलेला चेहरा पाहून त्यांना दया आली असावी.

"वाईट नोका वाटून घेऊ, बाई," ते म्हणाले. "इंग्रजी आहे. येईन तुमाले हळूहळू."