आत्याचं रिकामं अर्धं मिनिट

सकाळी सव्वाआठला निरोगी माणसाचा फोन आला, की त्याला ताप आलाय. संशोधिकेने कपाळावर हात मारला. मुळात एमआरआयच्या नळकांड्यात तासभर पडून राहायला निरोगी माणसं मिळत नाहीत. एक मिळालं, ते हे असं!

समोर आत्या मटार सोलत बसली होती. शेवटची शेंग संपली आणि तिचं तोंड उघडलं. "काय झालं गं? चेहरा का पडलाय?"

"समालोचकांचं ऑपरेशन बोंबललं, आत्या."

समालोचक फुटबॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचे. हल्ली गोल होता होता त्यांना फिट यायची. फिटचं मूळ मेंदूच्या डाव्या बाजूला होतं, तेवढं काढलं की माणूस मोकळा. पण बोलणंही तिथेच कुठेतरी शेजारी राहतं. सर्जन अडून बसले होते. "यांची भाषा नेमकी कुठे आहे, तो नकाशा आधी द्या. नाहीतर मी सुरी लावणार नाही. माणसाचं पोट बोलण्यावर आहे." मुदत उद्या अकरापर्यंतची होती.

नकाशा काढणं हेच संशोधिकेचं काम. दोनदा काढला आणि दोन्ही वेळा कोरा आला. मशीन चुकतंय की पद्धत, हे बघायला आज निरोगी माणूस हवा होता.

"मग मी आहे की! मला काय धाड भरलीय?"

"तिथे गप्प राहावं लागतं, आत्या."

"राहीन. लाव पैज!"

दवाखान्यात आधी आत्याच्या केसांतून अकरा पिना निघाल्या. "झालं, एवढ्याच," ती म्हणाली, आणि टेक्निशियनला बारावी सापडली. पहिल्या खेपेला पाचव्या मिनिटाला आतून आवाज आला, "अहो, हे एवढं ठणठण का करतंय?" डोकं हललं, खेप वाया. दुसऱ्या खेपेला ती दर दोन मिनिटांनी कळवत होती, "मी बोलत नाहीये हं!" तीही वाया. तिसऱ्या खेपेला मात्र खरंच शांतता. टेक्निशियनने काळजीने काचेतून दोनदा डोकावून पाहिलं.

खेळ सोपा होता. पडद्यावर अर्धं मिनिट चित्रं येणार. कात्री दिसली की 'कापणं', असं मनात म्हणायचं. मग अर्धं मिनिट पडदा कोरा, तेव्हा काहीच करायचं नाही. चित्रांच्या वेळच्या मेंदूतून कोऱ्या पडद्याच्या वेळचा मेंदू वजा केला, की उरते ती भाषा.

वजाबाकी झाली. नकाशा कोरा!

"मशीन ठणठणीत आहे हं, मॅडम," टेक्निशियन घाईघाईने म्हणाला.

"अहो, पण आत्याच्या डोक्यात भाषा नाही, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?" संशोधिकेला रडू फुटायचंच बाकी होतं.

इतक्यात आत्या पिना खोचत बाहेर आली. "जिंकले की नाही पैज? तो कोरा पडदा होता म्हणून निभावलं बाई. चित्रं चालू असताना कामाचा एकेक शब्द म्हणायचा आणि गप्प बसायचं, जीव नुसता गुदमरला. पडदा कोरा झाला, की मनातल्या मनात घेतलं सगळ्यांना फैलावर. आधी तुला, मग शेजारणीला, मग त्या नळदुरुस्तीवाल्याला. तो तर दोनदा सापडला."

संशोधिकेला उमगलं, दोन्ही वेळा मनात बोलणंच चालू, मग वजा करून उरणार काय! सहा वर्षं ती लोकांना 'काहीच करू नका' म्हणून सांगत होती. काहीच न करणारं माणूस कुठे असतं का, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं होतं. तिने समालोचकांना फोन लावला.

"साहेब, पडदा कोरा असताना तुम्ही काय करत होता?"

"काय करणार, मॅडम? वर्णन! 'प्रेक्षकहो, मैदानावर सन्नाटा पसरलाय, मशीन गुरगुरतंय...' का? नव्हतं करायचं?"

"आत्ताच्या आत्ता निघून या!"

पण मनात बोलू नका, असं सांगून कोण ऐकणार? "हाताला काम दे की," आत्या म्हणाली. "मटार सोलताना बोलते का मी कधी?" नाही बोलत. घरात तेवढीच शांतता असते, हे संशोधिकेहून जास्त कोणाला ठाऊक!

मग कोऱ्या पडद्याच्या जागी रंगीत ठिपके आले. दोन सारखे दिसले, की बटण दाबायचं. आधी आत्याने दाबलं, आणि तिची भाषा संगणकावरच्या नकाशात अशी उजळली, की टेक्निशियनने टाळी वाजवली. मग समालोचक आत गेले. त्यांचीही उजळली, फिटच्या मुळापासून चांगली दोन बोटं लांब.

दुसऱ्या दिवशी अकराला सर्जननी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "वाट मोकळी आहे," ते म्हणाले. "शाब्बास!" संशोधिकेला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

ऑपरेशन झालं. समालोचकांनी डोळे उघडले तेव्हा खाटेभोवती सर्जन, संशोधिका, आणि 'माझ्यामुळे झालंय' म्हणत घुसलेली आत्या उभी होती. समालोचकांचे ओठ नुसतेच हलले. संशोधिका पुढे वाकली.

"प्रेक्षकहो," आवाज खरखरीत पण खणखणीत होता, "डावीकडून सर्जन आत आले आहेत, त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकलंय..."

सर्जन बटण चाचपत हसले. संशोधिका हसता हसता रडायला लागली. समालोचक मात्र थांबेचनात. सलाईन झालं, खिडकी झाली, आत्याच्या पिना झाल्या. आत्याने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

शेवटी तिने भाचीच्या कानाशी लागून विचारलं, "ते ठिपक्यांचं बटण आणलंयस का गं? दे की ह्यांच्या हातात."