चरित्रकार पानापानांवर

"चरित्रकार पानावर दिसता कामा नये! वारा दिसतो का? नुसती पानं हलतात!" चरित्रकारांनी दिवाणखान्यात जाहीर केलं.

"मग जरा उठा," बायको म्हणाली. "इस्त्रीच्या कपड्यांवर बसलाय."

या तत्त्वावर त्यांनी आजवर दोन चरित्रं लिहिली होती. एक मुलांच्या लेखकाचं, ज्याला मुलं समोर आली की शिंका यायच्या. दुसरं एका व्हायोलिनवादकाचं, ज्याच्याशी शेजारी अजूनही बोलत नव्हते. दोन्हींत चरित्रकार कुठेही दिसले नव्हते. दुर्दैवानं पुस्तकंही कुठे दिसली नव्हती. आता तिसरं होतं म्हाताऱ्या व्यंगचित्रकाराचं, आणि यावर नाव होणार म्हणजे होणारच!

म्हातारा राहायचा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कायमची झोपलेली. चरित्रकार वर्षभर धापा टाकत जिने चढले, बिस्किटं खात प्रश्न विचारत राहिले. म्हातारा उत्तरं द्यायचा. पण पेन्सिल हातात नसली की त्याचं तोंड उघडायचं नाही, त्यामुळे समोरच्या कागदावर सारखं काहीतरी गिरवत असायचा.

शेवटी तपासायला म्हणून प्रुफं त्याच्याकडे धाडली. आठवड्यानं फोन केला.

"बघितलीत का?"

"बघितली की. रिकामी जागा फार सोडलीत हो तुम्ही. भरून टाकली."

चरित्रकारांना गहिवरून आलं. म्हणजे राहिलेल्या आठवणी! त्यांनी लगेच प्रकाशकाला बजावलं, "त्यांच्या हातचं सगळं जसंच्या तसं छापा. एक रेघ जरी गाळलीत तर खबरदार!"

"तुम्ही एकदा नजर टाकता का?"

"मी? मी मध्ये येत नसतो!"

पुस्तक बाजारात आलं. चरित्रकारांची प्रत टपालानं पंधरवड्यानं पोचली. चरित्रकारांनी मोठ्या मायेनं उघडलं, आणि समासात ते स्वतःच बसले होते! बशीतलं शेवटचं बिस्किट उचलताना. पान उलटलं. म्हाताऱ्याचं खडतर बालपण. शेजारी चरित्रकार, तोंड उघडं टाकून घोरताना. पहिल्या प्रेमाच्या प्रकरणात ते पायमोज्याच्या भोकातून अंगठा आत ढकलत होते.

"अहो, हे बघा!" बायकोनं पुस्तकाचा खालचा कोपरा अंगठ्यानं फर्रर्र सोडला. "तुम्ही चालताय!"

खरंच. पानागणिक चरित्रकार एकेक पायरी चढत होते. पुढे पोट, मागून ते! शेवटच्या पानावर दारात पोचून ते पायपुसण्यावर आडवे झाले होते. बायकोनं त्यांना सहा वेळा चढवलं. सहाव्यांदाही तिला तितकंच हसू आलं.

चरित्रकारांनी फोन उचलला. "सगळ्या प्रती मागे घ्या!"

"कुठून घेऊ?" प्रकाशक म्हणाला. "संपल्या. दुसरी आवृत्ती काढतोय."

"लोक वाचतायत?"

"वाचत कसले! फर्रर्र करतायत."

चरित्रकार तसेच तावातावानं निघाले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्यानं दुकानातून हाक मारली, "काय साहेब, जिने चढायला वाटतं? सावकाश हं!" दोन पोरी त्यांच्या पोटाकडे बघून खुदखुदल्या. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा राग शाबूत होता, श्वास नव्हता. पायपुसण्यावर आडवं व्हायचा मोह त्यांनी निग्रहानं आवरला.

"अहो... हे... काय... केलंत?"

"वा! असेच थांबा," म्हणत म्हाताऱ्यानं पेन्सिल उचलली.

"माझं आयुष्यभराचं तत्त्व आहे! चरित्रकार दिसता—"

"पण वर्षभर तुम्ही माझ्या समोर बसलात," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी कुठे बघायचं?"

म्हाताऱ्यानं बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्यांनी ती बाणेदारपणे मागे सरकवली. मग थोड्या वेळानं एक घेतलं.

"दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकू तुम्हाला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

चरित्रकार दचकले. एकदम सावरून बसले.

"नाही, तसं नको," ते खिडकीबाहेर बघत पुटपुटले. "फक्त... पोट तेवढं जरा आत घ्याल का?"