सर्व्हर मोकळा केल्याची कैफियत

गोदातीरी कोपरगाव प्रांती एका साखर कारखान्यात सर्व्हर कोंडला, तो कैसा सुटला, हे वर्तमान विदित करितो. ऐकणारांनी हसू आवरावे. राज्ये याहून क्षुल्लक कारणे बुडाली आहेत.

गळीत ऐन भरात असता सर्व्हरची डिस्क तुंबली आणि वजनकाटा बंद जाहला आणि उसाची रांग कमानीबाहेर गेली. रांगेत जामखेडाकडील तोडणीवाली लंकाबाई गाडी घेऊन उभी. तिची मजुरी वजनावर, आणि ऊस उन्हात वाळे तो वजन घटे. उन्हास कारखान्याचे फर्मान लागू नाही.

मग संगणक खात्याच्या राजनंदिनीबाईंनी 'डीयू' नामे जासूद डिस्कवर रवाना केला, की कोणत्या फायलीने किती मुलूख दाबला त्याची खबर आणावी. त्याने बाइटांत खबर आणिली: ५१५३९६०७५५२. अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य कार्यालय अधीक्षक सूर्यभानराव यांणी चष्मा पुसून आकडा पाहिला आणि हुकूम केला की, हा मोबाईल नंबर कोणाचा, त्यास फोन लावा. बाईंनी खुलासा केला. मग दुसरा हुकूम सुटला की, माणसास वाचता येईल ऐसे दाखवावे.

बाईंनी जासुदासंगे 'एच' नामे एकाक्षरी दुभाष्या दिला आणि आकडे तत्क्षणी आखूड जाहले: एक फाईल ४८जी, दुसरी ९८०के. रावांस परम संतोष वाटला आणि नऊशेऐंशी हाच गनीम, यास मारा, ऐसे फर्मान निघाले. तो बिचारा ९८०के म्हणजे आजच्या वजनपावत्या. आकडा पाहावा, पुढील अक्षर पाहू नये, ही कचेरीची पुरातन रीत.

"साहेब, के म्हंजी चिपाड आन जी म्हंजी भरल्याली ट्रॉली," बाई बोलल्या. "आकडा नका बघू, अक्षर बघा."

मग ४८जीची तहकीकात करिता आत अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवसाचे ड्रोनचित्रण निघाले. ठेवणार खुद्द सूर्यभानराव. रावांचे तोंड उतरले. साहेबांची छबी कोणत्या हाताने पुसावी? मसलत बहुत जाहली आणि चहा दोन वेळ आला आणि रांगेत ऊस वाळतच होता. अखेर बाईंनी नोकरीवर पाणी सोडून, कोणास न पुसता, चित्रण उडविले आणि काटा चालता जाहला.

फत्ते रावांचे नावे लिहिली. नारळ फुटला, आणि त्या समारंभाचे ड्रोनचित्रण, ५२जी, सर्व्हरवर दाखल जाहले.

तिसरे प्रहरी लंकाबाईची गाडी काट्यावर चढली. पाटीवर घटलेले वजन उमटले, ते तिने वाचिले.

"ह्यो आकडा मातर मला बी वाचता येतुया," ती बोलली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ऐसे दप्तरी नमूद केले असे.