सरकारी तेल थिजले त्याची हकीकत

॥ श्री शेकोटी प्रसन्न ॥

शके सोळाशे अडतीस, दुर्मुख नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, अर्धे डोंगरावर आणि अर्धे मैदानात ऐसे एक राज्य होते, तेथील हिवाळ्याचे वर्तमान जैसे घडले तैसे सांगतो, पाय पोटाशी घेऊन ऐकावे. त्या राज्यात हिवाळा आपल्या मनाने लागत नसे. हुजूरांच्या डोईचे खोबरेल ज्या दिवशी थिजे, त्या दिवशी हिवाळा लागला ऐसा शिरस्ता. राज्याचे ऋतुनवीस विसाजीपंत रोज पहाटे न्हाणीघरात जात आणि तेलाचा बुधला कलता करून पाहत, आणि तेल थिजले असता नगारा वाजे, आणि मग डोंगरावरची कोठी उघडून रयतेस घोंगड्या वाटल्या जात. घोंगड्या डोंगरच्याच मेंढरांच्या लोकरीच्या, करापोटी घेतलेल्या. परंतु हुजूरांस कोमट तेल आवडे म्हणोन बुधला न्हाणीचे पाणी तापवायच्या चुलाणाशेजारी ठेवीत, आणि चुलाण तर पंतांच्याही आधी पेटे. तेव्हा तीन साले तेल थिजले नाही आणि हिवाळा लागला नाही. पंत दरसाल दरबारी अंदाज वाचीत, "औंदा थंडी नाही. डोंगरीही नाही, मैदानीही नाही." हुजूर संतोष पावत आणि पंतांस शालजोडी देत. पंत ती तेथेच पांघरीत, कोणास नवल वाटत नसे.

डोंगरी म्हाकूबाई म्हणोन एक धनगरीण होती. तिची सून बाळंत होऊन चार दिवस जाहले होते आणि घरात घोंगडी एकच, तीही विटकी. बाळावर घालावी तर बाळंतीण कुडकुडे, बाळंतिणीवर घालावी तर बाळ निळे पडे. मग म्हाकूबाईने आपल्या घरचे तेल, दगडासारखे थिजलेले, पळसाच्या द्रोणात घेतले आणि पुरावा म्हणोन दरबारास निघाली. घाटमाथ्यावर तेल खडखडीत होते, अर्ध्या घाटात मऊ पडले, आणि खाली मैदानात दरबारी पोचली तो द्रोणातून गळू लागले.

हुजूर पुसते जाहले, "बाई, हे काय आणलेस?"

"थंडी आणली व्हती सरकार. वाटंत वितळली."

दरबार खदखदून हसला. पंत म्हणाले, "खरी असती तर टिकली असती."

"खरंय पंत," बाई म्हणाली. "आमचं तेल अडाणी, त्याला दरबारात टिकायची अक्कल कुठली! तुमचं शहाणं तेल वर घेऊन चला, मग बघू."

हुजूरांस गंमत वाटली. परंतु सरकारी तेल सरकारी डोईवाचून हलत नाही ऐसा दुसरा शिरस्ता निघाला, आणि मग बुधला, हुजूर, पंत, मानकरी, भोई, नगारची ऐसी अवघी स्वारी डोंगर चढली. चुलाण तेवढे खाली राहिले.

पहाटे खिजमतगाराने बुधला उपडा केला, काही पडेना. मग पळीने खरवडून गोळा काढला आणि हुजूरांच्या टाळूवर ठेवला, तो तेथेच बसला. हुजूरांचे दात वाजत होते. "पंत, हे... हे काय?"

पंतांचे नाक लाल जाहले होते. "सरकार, हिवाळा लागला."

नगारा वाजला आणि कोठी उघडली. आणि मग पहिली घोंगडी हुजूरांस, दुसरी पंतांस, मग मानकऱ्यांस, मग भोयांस, मग नगाऱ्यास गारठा लागू नये म्हणोन नगाऱ्यास, आणि कोठी सरली. म्हाकूबाई दारात रित्या हाताने उभी राहिली.

तिचा दीर बहिर्जी म्हणाला, "वहिनी, झालं समाधान? त्येल त्यांचं थिजलं, घोंगडीबी त्यांनाच."

"भावजी, बोंबलू नका. माझं त्येल घाटात कसं वितळलं त्ये मी बघितलंय. जा, गाढवं आणा."

ऊन चढल्यावर स्वारी उतरू लागली, आणि बाई गाढवे घेऊन मागे. पहिल्या वळणी कोणी हलले नाही. पुढे नगाऱ्याची घोंगडी पडली, मग भोयांच्या पडल्या, मग मानकरी घाम पुसू लागले, आणि अर्ध्या घाटात पंतांनी "ही मेली टोचते" म्हणोन आपली झुडपात भिरकावली. बाई एकेक उचलून झटकी आणि गाढवावर घाली. पायथ्याशी हुजूरांनी मागे वळून पाहिले.

"बाई, मागे मागे कशाला?"

"पाव्हण्याला घाट उतरून द्यायची रीत हाय, सरकार."

हुजूरांनी गाढवांच्या पाठी पाहिल्या. वरच्या घोंगड्या मोजल्या. मग आपली घोंगडी उतरवली, टाकली नाही, स्वहस्ते घडी घातली आणि बाईच्या हाती दिली. ती मात्र बाईने गाढवावर घातली नाही. हुजूरांच्या अंगाची ऊब जाऊ नये म्हणोन पोटाशी धरून घाट चढली आणि सुनेला नि नातवाला एकत्र गुंडाळले.

दुसरे दिवशी पंतांनी चुलाणाशेजारचा बुधला कलता केला, तेल वाहिले, आणि थंडी नाही ऐसा अंदाज दरबारी रुजू जाहला. हुजूरांनी पंतांस शालजोडी दिली. परंतु तेव्हापासून दर मार्गशीर्षी डोंगरावर तेल लावून घ्यावे ऐसे त्यांच्या मनाने घेतले, आणि दरसाल स्वारीत माणसे वाढवीत गेले, आणि उतरायची वेळ भर उन्हाची ठरवीत गेले.

तात्पर्य इतकेच की, त्या राज्यात पुढे सरकारी हिवाळा कधीही एका दिवसाहून अधिक टिकला नाही, आणि डोंगरात थंडीने मूल गेल्याचेही ऐकिवात नाही. डोंगरची माणसे घाटाची वाट मात्र झाडून ठेवीत असत. आम्हांस जे ठाऊक ते सांगितले, आता विस्तव विझत आला, सरकून बसावे.