सासरे पहिले आले

मुलाखतींच्या दिवशी संचालक चष्मा घरी विसरले, एवढी एकच चूक त्यांच्या नावावर आहे. बाकी सगळं नियमाप्रमाणे झालं.

संचालक म्हणजे विद्यापीठाच्या ऑनर्स विभागाचे. मूळचे ते इतिहासाचे प्राध्यापक. इतिहास घेणारी मुलं दरवर्षी कमी होत होत शेवटी तिघांवर आली, आणि त्यातला एक दुसऱ्या कुठल्याच विषयाला जागा नव्हती म्हणून आलेला. तेव्हा हुशार मुलांसाठी वेगळा विभाग काढायचं ठरलं आणि तो चालवायला कोणी पुढे येईना, तेव्हा हे पुढे आले. विभागाला वर्षभराची मुदत मिळाली होती. वर्ष संपताना कुलगुरू मॅडम बघणार. पटला तर कायम करणार, नाही तर त्याच्या खोल्या अर्थशास्त्र विभागाला देणार. अर्थशास्त्राचे विभागप्रमुख एकदा सहज म्हणून येऊन त्या खोल्या पावलांनी मोजून गेले होते.

पूर्वी कोणी कोणी काय काय घोटाळे केले हे इतिहासाच्या माणसाला पाठ असतं. त्यामुळे आपल्या हातून ते होणार नाहीत अशी त्याची समजूत असते. संचालकांनी वशिल्याचा पक्का बंदोबस्त केला. उमेदवारानं नाव सांगायचं नाही, फक्त नंबर. आपण कोणाचे कोण हेही सांगायचं नाही. मुलाखत पडद्याआडून, म्हणजे चेहरा, कपडे, वय काही दिसायला नको. वयाची अट नाही. कॉलेजचं एक वर्ष झालेलं असलं की पुरे. आणि स्वतः संचालक मुलाखतीच्या खोलीत पाऊलही टाकणार नाहीत, शेवटी निकालावर सही करतील. सही करायला चष्मा लागतो. तो घरी, जेवणाच्या टेबलावर राहिला.

चष्मा घेऊन त्यांचे सासरे आले. हे पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं मुलीकडे राहत होते. मुलाखतीच्या खोलीबाहेर एक लिपिक बाई टेबल टाकून बसल्या होत्या.

"मी संचालकांचा..."

"कोण कोणाचं ते सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "इथे वशिला चालत नाही."

"अहो, पण मी त्यांचा..."

"नाव पण नको. कॉलेजचं एक वर्ष झालंय का?"

"झालंय. त्याला आता बराच काळ लोटला."

"वयाची अट नाही. हा बिल्ला घ्या आणि बसा."

बिल्ल्यावर सतरा नंबर होता. सासऱ्यांचा जन्म सरकारी खात्यात गेलेला. नंबर हातात आला की बसायचं असतं, उगाच का म्हणून विचारायचं नसतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. ते बसले, आणि नंबर पुकारल्यावर आत जाऊन पडद्याआडच्या खुर्चीत बसले.

ही काही चष्मा पोचवायची पद्धत नव्हे, हे पहिल्याच प्रश्नाला त्यांच्या ध्यानात आलं. ते उठणारही होते. पण प्रश्न होता, "यावर तुमचं मत काय?" दोन वर्षांत त्यांना गोळी घेतली का, पंखा लावू का, दूध आलं का, असं पुष्कळ विचारलं गेलं होतं. मत कोणी विचारलं नव्हतं. ते पुन्हा नीट टेकून बसले.

"शिक्षक चुकतायत असं वाटलं तर तुम्ही काय कराल?" तत्त्वज्ञानाच्या बाईंनी विचारलं. मुलाखत घ्यायला पडद्यापलीकडे त्या आणि गणिताचे सर बसले होते.

"मी तर रोज सांगतो त्यांना. जेवताना."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

"दुसऱ्या दिवशी परत सांगतो."

"त्यांना राग नाही येत?"

"येतो. पण जातील कुठे?"

सकाळपासून सोळा उमेदवारांनी 'अत्यंत नम्रपणे निदर्शनास आणून देईन' हे एकच वाक्य एकाच चालीत म्हटलं होतं. तत्त्वज्ञानाच्या बाईंनी गणिताच्या सरांकडे पाहिलं. सतरा नंबरला दोघांनीही पैकीच्या पैकी गुण दिले. सासऱ्यांनी जाताना चष्मा लिपिक बाईंकडे दिला, तो संचालकांपर्यंत पोचला, आणि तो लावून त्यांनी निकालावर सही केली. वर कुलगुरू मॅडमना फोन करून सांगितलं, "सतरा नंबर बघा. असा विद्यार्थी जुन्या पद्धतीनं आपल्याला मिळालाच नसता."

हे खरंच होतं.

संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, निकाल लागला का?"

"लागला ना. सतरा नंबर पहिला."

सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून बिल्ला काढला आणि ताटाशेजारी ठेवला. "हा परत द्यायचा असतो का?"

संचालकांचा घास हातातच राहिला. मग सगळा प्रकार बाहेर आला. त्यांच्या पत्नी हसू लागल्या आणि नवऱ्याचा चेहरा बघून थांबल्या.

"बाबा, तुम्ही उद्याच नको म्हणून कळवा," संचालक म्हणाले. "लोक म्हणतील, ह्यानं सासऱ्याची सोय लावली. विभाग बंद पडेल. इतक्या वर्षांनी माझ्या हातून काहीतरी उभं राहतंय हो."

"कळवतो की," सासरे म्हणाले. थोडा वेळ ते भात कालवत राहिले. "कॉलेजात एकच वर्ष काढलं मी. मग वडील गेले, नोकरी धरली. पहिला असा मी कुठेच आलो नव्हतो. बढतीसुद्धा माझ्या वरचा माणूस निवृत्त झाला म्हणून मिळाली. पण कळवतो, तुम्ही काळजी नका करू."

संचालकांना फार वाईट वाटलं. पत्नी म्हणाल्या, "नियम तुम्हीच केलेत ना? मग त्या नियमानं जो आला तो आला." शेवटी असं ठरलं की सासऱ्यांनी वर्गात बसावं, पण नात्याचा कुठे अवाक्षरानंही उल्लेख करू नये. सासऱ्यांनी शब्द दिला. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदललं होतं, त्यामुळे कागदावर कोणाला काही दिसत नव्हतं.

पहिल्याच तासाला पंचाईत झाली. सासरे दारातून आत आले आणि संचालक खुर्चीतून उठून उभे राहिले. सासरे खोलीत आल्यावर बसून राहायचं त्यांच्या अंगात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली, तरी उभे राहिलेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आधीपासूनच उभं राहायचं ठरवलं, तर सासरे बसेपर्यंत त्यांना बोलायला सुरुवात करता येईना. मुलांना हे फार आवडलं. आपले सर शिकायला आलेल्या माणसाला उठून मान देतात, हे त्यांनी विद्यापीठभर केलं. मग इतर विभागांतली मुलं वर्गात शिरताना शिक्षकांकडे अपेक्षेनं बघू लागली.

अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांना हे खटकलं. त्यांच्या वर्गात एक मुलगा दारात नुसता उभाच राहिला होता. एका म्हाताऱ्या विद्यार्थ्यासाठी संचालक रोज का उठतात, याचा छडा लावायचं त्यांनी मनावर घेतलं. ते नुकतेच संचालकांच्या समोरच्या इमारतीत राहायला आले असल्यानं त्यासाठी त्यांना आपल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. आठवड्याभरात त्यांनी पाहिलं ते असं : म्हातारा विद्यार्थी संचालकांच्या घरीच राहतो. सकाळी पिशवी घेऊन भाजी आणतो. खिडकीशी उभा राहून संचालकांच्या शर्टांना इस्त्री करतो. आणि संचालकांची बायको त्याच्यावर ओरडते.

तक्रार कुलगुरूंकडे गेली. ऑनर्स विभागाचे संचालक एका वृद्ध विद्यार्थ्याला घरगडी म्हणून राबवतात, आणि मनाला टोचतं म्हणून वर्गात उभे राहतात.

संचालकांची आता दोन्हीकडून कोंडी झाली. गप्प राहावं तर विद्यार्थ्याला राबवल्याचा आरोप, खरं सांगावं तर वशिल्याचा. चौकशीला जाताना ते सासऱ्यांना काही सांगणार होते, पण काय सांगावं तेच सुचेना. सासरे मात्र निश्चिंत होते. त्यांनी शब्द दिलेला होता.

"तुम्ही सरांच्या घरी राहता?" कुलगुरू मॅडमनी विचारलं.

"राहतो."

"भाजी तुम्ही आणता?"

"मीच. सरांना भेंडी पारखता येत नाही."

"आणि इस्त्री?"

"ती पण. कॉलर त्यांना जमत नाही."

"याचे तुम्हाला काही पैसे मिळतात?"

"छे. मी कधी मागितलेच नाहीत."

"सरांच्या पत्नी तुमच्यावर ओरडतात, हे खरं?"

"गोळी घ्यायला विसरलो की ओरडते. चूक माझीच असते."

अर्थशास्त्राचे विभागप्रमुख भराभर लिहून घेत होते. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमचं आणि सरांचं नातं काय?"

"विद्यार्थी आणि शिक्षक," सासरे म्हणाले. "बाकी काही नाही."

संचालकांना हे सहन होईना. "मॅडम, ते माझे सासरे आहेत."

सासऱ्यांनी त्यांच्याकडे नाराजीनं पाहिलं. विभागप्रमुखांचं पेन थांबलं. एका आरोपासाठी आलेल्या माणसाला दुसरा, त्याहून बरा, फुकटात मिळाला होता. "म्हणजे वशिला," ते समाधानानं म्हणाले. "मॅडम, हा सरळ सरळ वशिला आहे."

मॅडमनी संचालकांना विचारलं, "तुम्ही स्वतःच्या सासऱ्यांना स्वतःच्या वर्गात आणलंत? जाणूनबुजून?"

"नाही हो. पडद्याआडून आले ते."

मॅडम विभागप्रमुखांकडे वळल्या. "तुम्हाला सासरे आहेत?"

"आहेत."

"आणाल वर्गात? पहिल्या बाकावर? वर्षभर?"

विभागप्रमुखांनी थोडा विचार केला. मग त्यांनी लिहिलेला कागद दुमडून खिशात घातला आणि आपली काही तक्रार नसल्याचं सांगितलं.

"वशिला नाही, हे उघड आहे," मॅडम म्हणाल्या. "स्वतःच्या सासऱ्यालासुद्धा ओळखू देत नाही, म्हणजे तुमचा पडदा चोख आहे. वर्ष संपायची वाट न बघता विभाग मी आजच कायम करते. पण जावयानं सासऱ्याचे पेपर तपासायचे, हे चालणार नाही. दोघांपैकी एकानं बाहेर पडावं. कोणी, ते घरी बोलून ठरवा आणि उद्या मला सांगा."

घरी तो विषय कोणीच काढला नाही. सासरे जेवण झाल्यावर खिडकीशी बसून निबंध लिहीत होते. मध्येच मुलीला हाक मारून एखादा परिच्छेद वाचून दाखवत होते, आणि ती "छान झालंय बाबा" म्हटली की खोडून पुन्हा लिहीत होते. संचालक वर्तमानपत्र समोर धरून हे ऐकत होते. विभाग त्यांनी उभा केला होता, तो सोडायचा म्हणजे जिवावर येत होतं. पण त्या खोडाखोडीचा आवाज ऐकता ऐकता त्यांचं ठरलं. आपणच बाजूला व्हायचं. एवढा मोठेपणा आपल्यात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं, त्यामुळे सकाळी ते जरा ताठ मानेनं कुलगुरूंच्या खोलीत शिरले.

"मॅडम, मी असं ठरवलंय की..."

"हो, कळलं मला. तुमचे सासरे मघाशीच येऊन गेले."

संचालक काय ते समजले. म्हाताऱ्यानं जावयासाठी आपली जागा सोडली. तेही कोणाला न सांगता. त्यांचे डोळे भरून आले. "मॅडम, त्यांचं ऐकू नका. त्यांना परत बोलवा. त्यांनी सोडायचं नाही."

"ते कुठे सोडतायत?" मॅडम म्हणाल्या. "त्यांनी तुमचा राजीनामा दिलाय."

"माझा?"

"तोंडी. म्हणाले, जावई मनानं चांगले आहेत, पण चांगलं वागायला त्यांना वेळ लागतो, म्हणून मीच सांगून टाकतो. मी मंजूर केला. तत्त्वज्ञानाच्या बाई आजपासून विभाग बघतील. तुमची काही हरकत?"

"नाही," संचालक म्हणाले. "मीही तेच सांगायला आलो होतो."

"असं?" मॅडम म्हणाल्या. त्यांना ते खरं वाटलं नाही हे स्पष्ट दिसत होतं.

सासरे बाहेर बाकावर वही घेऊन बसले होते. संचालक त्यांच्याशेजारी बसले.

"रागावलात?" सासऱ्यांनी विचारलं.

"राग नाही बाबा. पण मला एकदा विचारायचंत तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"म्हणालो असतो."

"मग विचारून काय वेगळं झालं असतं?"

घंटा झाली. "मला तास आहे," असं म्हणून सासरे लगबगीनं वर्गाकडे गेले. संचालकांना, म्हणजे आता नुसत्या प्राध्यापकांना, दुपारपर्यंत तास नव्हता.